रसायनांच्या साठवण आणि लोडिंग विभागाचे अग्निसंरक्षण: बडोद्यातील नव्या अभियंत्यांसाठी मार्गदर्शक

बडोद्याच्या आसपास, म्हणजे नंदेसरी, रणोली, मकरपुरा, मंजुसर आणि पादरा या पट्ट्यात, रसायनांचे लहान-मध्यम कारखाने इतके आहेत की अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आपल्या मराठी मुलामुलींपैकी बऱ्याच जणांची पहिली नोकरी तिथेच सुरू होते. वर्ष-दोन वर्षांत कधीतरी साहेब बोलावून सांगतात की नवीन सॉल्व्हंट टँक फार्म (साठवण टाक्यांचा समूह) आणि टँकर लोडिंगची जागा उभारायची आहे, तेव्हा ‘फायरचे तेवढे बघून घ्या’. हा लेख त्या क्षणी गोंधळलेल्या अभियंत्यासाठी आहे. मी स्वतः याच पट्ट्यात हे काम करत आलो आहे, आणि नवखे लोक नेमके कुठे अडखळतात हे मला जवळून पाहायला मिळाले आहे.

बहुतेक जण सुरुवात पंपापासून आणि हायड्रंटच्या संख्येपासून करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की सुरुवात द्रवापासून करा: कोणता द्रव, किती, कशात ठेवलेला, सांडला तर कोणत्या वाटेने वाहत जाणार आणि कुठे साचणार. या प्रश्नांची उत्तरे कागदावर आली की पंप, पाइप आणि फोम यांचा हिशेब बराचसा सरळ होतो. ती नसतील तर कितीही महागडी यंत्रणा चुकीच्या जागी उभी राहते.

पुढे दिलेले आकडे प्राथमिक आराखड्यासाठी आहेत. अंतिम आराखडा मानकांची चालू आवृत्ती समोर ठेवून आणि पात्र सल्लागाराकडून तपासूनच पक्का करावा.

१. रसायनांचा तक्ता तयार करा

प्रत्येक रसायनाचा एसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) पुरवठादाराकडून मागवा आणि त्यातील पाचवा, सातवा, नववा आणि दहावा विभाग नीट वाचा. त्यांत अनुक्रमे आग विझवण्याचे उपाय, हाताळणी व साठवण, भौतिक गुणधर्म आणि स्थिरता व अभिक्रिया यांची माहिती असते. त्यावरून प्रत्येक रसायनापुढे साठ्याचे कमाल प्रमाण, भांड्याचा प्रकार, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला द्रवावर पेट घेण्याजोगी वाफ तयार होऊ लागते), पाण्यात मिसळते की नाही, पाण्याशी अभिक्रिया करते की नाही आणि कोणत्या रसायनाजवळ ठेवू नये, एवढे रकाने भरा. खरेदी विभागाने दिलेला ‘सरासरी साठा’ घेऊ नका. दिवाळीच्या सुट्टीआधी गोदामात जेवढा माल असतो, तो तुमचा आकडा.

पेट्रोलियम नियमांनुसार फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर ए क्लास, २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान बी क्लास आणि ६५ ते ९३ अंशांच्या दरम्यान सी क्लास अशी वर्गवारी आहे. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश आहे, त्यामुळे तो निःसंशय ए क्लासमध्ये येतो. झायलीनचा साधारण २७ ते ३० अंश असल्यामुळे तो बी क्लासमध्ये जातो आणि अनेक जण तिथे सैलावतात. परंतु मे महिन्यात बडोद्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या टाकीतला झायलीन आपल्या फ्लॅश पॉइंटच्या पुष्कळ वर असतो, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याजोगी वाफ तयारच असते. परवान्यासाठी त्याला बी क्लास म्हणा, पण आराखड्यात ए क्लाससारखेच वागवा.

मिथेनॉलसाठी वेगळी नोंद करा, कारण त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. कामगार आगीत पाय ठेवेपर्यंत त्याला आग कळत नाही, आणि म्हणूनच मिथेनॉलच्या लोडिंगजवळ डोळ्यांवर विसंबून न राहता ज्योत ओळखणारा डिटेक्टर हवाच.

ओलियम, थायोनिल क्लोराइड, क्लोरोसल्फॉनिक ॲसिड यांसारखी पाण्याशी जोराने अभिक्रिया करणारी रसायने तक्त्यात लाल रंगाने दाखवा. त्यांच्या डोक्यावर स्प्रिंकलर नको आणि त्यांच्या डाइकमध्ये (टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात) शेजारच्या टाकीच्या कूलिंगचे पाणीही येता कामा नये. ती पेट घेत नाहीत म्हणून फायरच्या नकाशातून वगळली जातात, आणि हा सापळा मी वारंवार पाहिला आहे.

२. सांडलेल्या द्रवाची वाट ठरवा

टाकीभोवतीच्या डाइकमध्ये निदान सर्वांत मोठ्या टाकीतला सगळा द्रव मावला पाहिजे. मी स्वतः ११० टक्के धरतो आणि डाइकमधल्या इतर टाक्यांनी व्यापलेली जागा डाइकच्या क्षमतेतून वजा करतो. फरशीचा उतार टाकीपासून दूर, एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे द्या. टाकीखालीच द्रव साचत असेल, तर आग लागल्यावर आपणच टाकीला चुलीवर ठेवल्यासारखे होते. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते, टोल्युईनची तर तिपटीहून अधिक. ती जमिनीलगत सरकत केबल ट्रेंच, गटारे आणि तळघरांत शिरते. म्हणून डाइकच्या आसपासची प्रत्येक ट्रेंच वाळूने भरून घ्या आणि प्रत्येक गटाराला वॉटर सील द्या.

डाइकमधून पावसाचे पाणी काढण्याचा व्हॉल्व्ह भिंतीच्या बाहेर असावा आणि तो कायम बंद असावा. हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात काय होते ते पाहा. जुलैमध्ये रात्रभर पाऊस लागतो, डाइकमध्ये वीतभर पाणी साचते, पहिल्या पाळीतला हेल्पर व्हॉल्व्ह उघडतो, चहाला जातो आणि पाळी बदलते. मी नंदेसरी भागातल्या एका कारखान्यात तपासणीला गेलो तेव्हा तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता, त्याच्या स्पिंडलवर गंज चढला होता आणि चाक हाताने फिरत नव्हते. म्हणजे कित्येक आठवडे त्या डाइकला भिंत असूनही नसल्यासारखी होती. उपाय साधे आहेत: उघडा आहे की बंद हे लांबून दिसेल असा व्हॉल्व्ह निवडा, त्याला कुलूप लावा, किल्ली पाळी प्रमुखाकडे ठेवा आणि रजिस्टरमध्ये उघडल्याची व बंद केल्याची वेळ लिहिण्याची सक्ती करा.

आग विझवताना वापरलेले पाणी कुठे जाईल, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या एका रसायन गोदामाला आग लागली. ती विझवताना वापरलेले पाणी कीटकनाशके घेऊन ऱ्हाइन नदीत गेले आणि नदीतले मासे फार मोठ्या पट्ट्यात मेले. आपल्या इथे नंदेसरीजवळून मिनी नदी वाहते आणि ती महीला मिळते. तेव्हा पावसाळी गटाराच्या शेवटच्या तोंडाशी बंद करता येणारे गेट आणि आत दूषित पाणी धरून ठेवणारा तलाव या दोन गोष्टी पहिल्या नकाशातच दाखवा, कारण नंतर त्यांना जागा उरत नाही.

वाऱ्याची दिशाही याच टप्प्यावर पाहा. बडोद्यात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. पंप घर, नियंत्रण कक्ष आणि मुख्य दरवाजा टँक फार्मच्या ईशान्येला ठेवले, तर वर्षातला बराच काळ वाफ आणि धूर त्यांच्याच दिशेने जाईल.

जयपूरजवळच्या सीतापुरा येथील तेल डेपोत २९ ऑक्टोबर २००९ रोजी पेट्रोल तासाभराहून अधिक काळ बाहेर पडत राहिले, वाफेचा प्रचंड ढग पसरला, स्फोट झाला आणि ११ जणांचे प्राण गेले. त्या ढगात शिरून व्हॉल्व्ह बंद करणे कोणालाही शक्य नव्हते. यावरून एकच नियम घ्या: टाकीच्या तळाशी असलेला पहिला व्हॉल्व्ह दुरून बंद करता आला पाहिजे, आणि त्याचे बटण डाइकच्या बाहेर, पळण्याच्या वाटेवर असले पाहिजे.

३. मंजुऱ्या आणि कागदपत्रे

ज्वलनशील पेट्रोलियम द्रवांच्या परवान्यासाठी पेसोकडे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, जावे लागते. तिचे मुख्यालय नागपूरला असले तरी बडोद्यात कार्यालय आहे. कारखान्याच्या नकाशांसाठी गुजरातचे औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय, अग्निशमन विषयक प्रमाणपत्रासाठी २०१३ च्या गुजरात अग्निप्रतिबंध कायद्याखालील यंत्रणा, आणि साठा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर घातक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम, अशी ही साखळी आहे. आधी बांधकाम आणि मग परवानगी असा क्रम लावू नका. मंजूर नकाशात आणि प्रत्यक्षात अर्ध्या मीटरचा फरक निघाला तरी काम थांबते. विमा कंपनीच्या अभियंत्यालाही पहिल्या नकाशापासून बरोबर घ्या, कारण त्याच्या अटी कधी कधी कायद्याहून कडक असतात.

हाताशी ठेवायची कागदपत्रे अशी:

- सर्व रसायनांचे एसडीएस आणि पहिल्या पायरीतला तक्ता
- प्लॉटचा मोजमापासह नकाशा, शेजारच्या कारखान्यांतील टाक्या आणि इमारतींसह
- टाक्यांचे व्यास, उंची, छताचा प्रकार आणि वेंटची माहिती
- पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह दाखवणारा पी अँड आयडी
- आयएस ५५७२ प्रमाणे केलेले धोकादायक क्षेत्रांचे वर्गीकरण
- पाण्याच्या स्रोताचा आणि पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल
- ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) ११७ आणि ११८, आयएस १३०३९ (बाहेरील हायड्रंट), आयएस १५३२५ (वॉटर स्प्रे), आयएस १२८३५ (फोम), आयएस २१९० (हातातली अग्निशामके), आयएस ७६८९ (स्थिर वीज) आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग

ओआयएसडीची मानके मुळात तेल उद्योगासाठी लिहिलेली आहेत. तरीही सॉल्व्हंट टँक फार्मसाठी पाया म्हणून मी तीच घेतो, कारण त्यांत आकडे स्पष्ट आहेत.

४. पाण्याचा हिशेब

समजा, एका डाइकमध्ये टोल्युईनच्या स्थिर छताच्या तीन सारख्या टाक्या आहेत, प्रत्येकीचा व्यास १० मीटर आणि उंची ९ मीटर. ओआयएसडी ११७ नुसार पेटलेल्या टाकीच्या भिंतीवर दर चौरस मीटरला मिनिटाला ३ लिटर पाणी सोडायचे, आणि तिच्या केंद्रापासून त्रिज्या अधिक ३० मीटर एवढ्या अंतरातल्या टाक्यांनाही त्याच दराने थंड ठेवायचे. आपल्या उदाहरणात हे अंतर ३५ मीटर येते, म्हणून तिन्ही टाक्या हिशेबात घ्याव्या लागतात. शेजारच्या टाकीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत बेन्झीनच्या टाकीला लागलेली आग शेजारच्या टाकीपर्यंत पोहोचली होती, आणि त्या दुर्घटनेत दोघांचा जीव गेला.

एका टाकीच्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे २८३ चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला ८४८ लिटर पाणी. तीन टाक्यांचे मिळून ताशी सुमारे १५३ घनमीटर. फोमच्या द्रावणासाठी लागणारे पाणी ताशी सुमारे २३ घनमीटर, त्याचा हिशेब पुढच्या पायरीत येईल. त्यात चार हायड्रंट तोट्या, प्रत्येकी ३६ घनमीटर, आणि एक मॉनिटर (पाण्याची स्थिर तोफ), १४४ घनमीटर, असे पूरक पाणी ताशी २८८ घनमीटर मिळवा. एकूण ताशी ४६४ घनमीटर झाले. बाजारात सहज मिळणारे ताशी २७३ घनमीटरचे दोन पंप चालू ठेवले की ही गरज भागते, आणि तिसरा तेवढाच डिझेल पंप राखीव ठेवावा लागतो.

साठा चार तासांचा धरतात. कूलिंग आणि पूरक पाण्याचे चार तास आणि फोमचे सुमारे एक तास असे मोजले तर आकडा १,८०० घनमीटरच्या आसपास, म्हणजे १८ लाख लिटर येतो. हा आकडा ऐकून व्यवस्थापन हमखास हादरते आणि ‘जीआयडीसीचे (औद्योगिक वसाहतीचे) पाणी येतेच की’ असे उत्तर मिळते. ते मान्य करू नका. पुरवठा ठरावीक वेळेचा असतो आणि आग वेळ विचारून लागत नाही. प्रक्रियेचे पाणी आणि आगीचे पाणी एकाच टाकीत ठेवायचेच असेल, तर प्रक्रियेचा सक्शन पाइप इतक्या उंचीवर जोडा की आगीचा साठा त्याला कधी खेचताच येऊ नये.

आता पुन्हा डाइककडे या. वरच्या प्रत्येक टाकीची क्षमता सुमारे ७०७ घनमीटर आहे. ११० टक्क्यांच्या डाइकमध्ये एक टाकी पूर्ण रिकामी झाली, तर वर फक्त ७० घनमीटर जागा उरते, आणि ताशी १५३ घनमीटर कूलिंगचे पाणी ती अर्ध्या तासाच्या आत भरून काढते. टोल्युईन पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्यानंतर जे भिंतीवरून सांडेल ते पाणी नसेल, तर जळता टोल्युईन असेल. म्हणून डाइकच्या तळातून पाणी काढून घेणारी, वॉटर सील असलेली आणि दुसऱ्या पायरीतल्या तलावाला जाऊन मिळणारी वाहिनी या हिशेबाचाच भाग आहे. नवख्यांच्या आराखड्यात ही गोष्ट मला क्वचितच दिसते, आणि मला तीच सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते.

५. फोमची निवड

पाण्यावर तरंगणाऱ्या ज्वलनशील द्रवाची आग नुसत्या पाण्याने विझत नाही, उलट पसरते. स्थिर छताच्या टाकीसाठी ओआयएसडीप्रमाणे दर चौरस मीटरला मिनिटाला ५ लिटर फोम द्रावण धरतात. आपल्या टाकीचे आडवे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३९३ लिटर द्रावण. ३ टक्क्यांच्या कॉन्सन्ट्रेटने (पाण्यात मिसळायच्या मूळ फोम द्रवाने) ६५ मिनिटांसाठी जवळजवळ ७७० लिटर कॉन्सन्ट्रेट लागेल. हातातल्या होजसाठी आणि लाइन भरण्यासाठी लागणारे प्रमाण त्यावर वेगळे.

मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल), ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट हे द्रव पाण्याशी कमी-अधिक सलगी करतात आणि साध्या फोममधले पाणी शोषून त्याचा थर क्षणात मोडून टाकतात. त्यांच्यासाठी अल्कोहोल-रेझिस्टंट फोमच लागतो, त्याचा दरही जास्त असतो, आणि तो दर उत्पादकाच्या चाचणी प्रमाणपत्रातूनच घ्यावा. कारखान्यात आज फक्त टोल्युईन असला तरी मी हाच फोम सुचवतो, कारण सॉल्व्हंट बदलण्याचा निर्णय उत्पादन विभाग एका बैठकीत घेतो आणि फोमची आठवण कोणाला राहत नाही.

खरेदीपूर्वी आणखी एक चौकशी करा. जुन्या फोममधील पीएफओएस आणि पीएफओए ही फ्लोरीनयुक्त रसायने स्टॉकहोम करारात अनुक्रमे २००९ आणि २०१९ मध्ये समाविष्ट झाली, त्यामुळे जग फ्लोरीनविरहित फोमकडे वळते आहे. पण जुन्या टाकीतला फोम काढून त्यात नवा ओतला की काम झाले असे होत नाही. नवा फोम बहुधा घट्ट असतो, म्हणून प्रपोर्शनर (पाण्यात फोम ठरावीक प्रमाणात मिसळणारे उपकरण) आणि दर दोन्ही त्याच्यासाठी नव्याने तपासावे लागतात. दोन कंपन्यांचे किंवा दोन प्रकारचे फोम एकत्र मिसळू नका.

६. ड्रम आणि आयबीसीचे गोदाम

गोदाम २०० लिटरच्या लोखंडी ड्रमसाठी आखलेले असते आणि दोन वर्षांनी तिथे १,००० लिटरचे प्लॅस्टिकचे आयबीसी (मोठे चौकोनी कंटेनर) येऊन बसतात. फरक जीवघेणा आहे. लोखंडी ड्रमला आग काही मिनिटे तरी सोसते, तर आयबीसीचे प्लॅस्टिक वितळले की पूर्ण हजार लिटर एकदम जमिनीवर येतात आणि छतावरच्या स्प्रिंकलरचा हिशेब कोलमडतो. म्हणून ज्वलनशील द्रवाचे आयबीसी कुठे ठेवता येतील आणि कुठे नाहीत, हे नकाशावर आणि जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी स्पष्ट लिहा.

दारांना उंबऱ्यासारखा उतरता बंधारा, फरशीला बाहेरच्या खड्ड्याकडे उतार, विसंगत रसायनांमध्ये अग्निरोधक भिंत, थराच्या उंचीवर मर्यादा आणि जमिनीलगत हवा खेचणारे वायुवीजन या गोष्टी आवश्यक आहेत. ॲसिड आणि सॉल्व्हंट यांचा निचरा एकाच खड्ड्यात नको.

७. टँकर लोडिंग आणि अनलोडिंग

टाकी वर्षानुवर्षे एका जागी स्थिर उभी असते, तर लोडिंगच्या जागी रोज नवा टँकर, नवा चालक आणि नवी होज येते. म्हणून सर्वांत जास्त लक्ष इथे द्या.

गॅन्ट्रीवर (टँकर भरण्याच्या मचाणावर) ओआयएसडी दर चौरस मीटरला मिनिटाला १०.२ लिटर पाण्याचा फवारा सांगते. १५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद अशा एका भागाला त्यामुळे ताशी सुमारे ११० घनमीटर पाणी लागते. एका टँकरच्या जागेसाठी हे आणि पूरक २८८ मिळून ३९८ घनमीटर होतात, म्हणजे आपल्या उदाहरणात टाकीची आगच पंपाचा आकार ठरवते. मात्र हा फवारा टँकर आणि लोखंडी सांगाडा थंड ठेवण्यासाठी आहे. खाली सांडलेला सॉल्व्हंट विझवायला फोम मॉनिटर लागतो, आणि सांडलेला द्रव टँकरखाली न थांबता बाजूच्या खड्ड्यात जावा असा उतारही लागतो.

आता स्थिर विजेचा विषय. टोल्युईन, हेक्झेन, झायलीन हे द्रव वीज नीट वाहू देत नाहीत, त्यामुळे पाइपमधून वाहताना जमा झालेला भार टँकरमध्ये साठून राहतो. भरणारा पाइप टँकरच्या तळापर्यंत न्या, आणि त्याचे तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. तीन इंची पाइपसाठी हा वेग म्हणजे ताशी सुमारे १७ घनमीटर. पंप जर ताशी ४० घनमीटरचा असेल, तर ‘ऑपरेटर व्हॉल्व्ह थोडाच उघडेल’ यावर विसंबू नका, दोन टप्प्यांचा व्हॉल्व्ह द्या. भरून झाल्यावर लगेच डिप रॉड घालू नये, काही मिनिटे जाऊ द्यावीत.

अर्थिंगचा क्लॅम्प कसा लावला जातो हे एकदा स्वतः वाकून पाहा. टँकरच्या चासीवर रंगाचे तीन-चार थर असतात, त्यावर धूळ आणि तेल. क्लॅम्पचे दात त्या रंगावर टेकलेले दिसतात, दिसायला सगळे बरोबर असते, पण मीटर लावला तर जोडच नसतो. म्हणून टँकरवर उघड्या धातूचा अर्थिंग लग असल्याशिवाय तो आत घेऊ नका, आणि रोध १० ओहमच्या आत आल्याशिवाय पंप सुरूच होणार नाही असा अर्थिंग रिले बसवा. हिरवा दिवा लागल्याशिवाय माल हलत नाही, हे चालकालाही पटते आणि वाद मिटतो.

अनलोडिंगचा वेगळा धोका म्हणजे चुकीच्या टाकीत चुकीचे रसायन जाणे. दहेजमध्ये जून २०२० मध्ये झालेल्या भीषण स्फोटामागे नायट्रिक ॲसिड आणि डायमिथाइल सल्फेट एकत्र येणे हे कारण पुढे आले होते. ॲसिड आणि सॉल्व्हंटचे कपलिंग वेगवेगळ्या मापाचे ठेवा म्हणजे चुकून जोडताच येणार नाही, प्रत्येक अनलोडिंग पॉइंटला कुलूप लावा, आणि प्रयोगशाळेने नमुना तपासून सही केल्यावरच किल्ली द्या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो: टँकरचे तोंड बाहेर जाण्याच्या दिशेने, चाकांना लाकडी उटी, गाडीची किल्ली ऑपरेटरकडे, सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, ओव्हरफिल सेन्सर, वाफ परत टाकीत नेणारी लाइन, आणि गाडी होजसकट पुढे सरकली तरी दोन्हीकडून बंद होणारे ब्रेकअवे कपलिंग.

८. डिटेक्शन, डेल्यूज आणि विजेचे साहित्य

डेल्यूज व्हॉल्व्ह (सगळ्या उघड्या नोझलना एकदम पाणी सोडणारा) ज्या टाकीसाठी आहे तिच्यापासून निदान १५ मीटर दूर ठेवा, आणि हाताने चालवायचा बायपास आगीच्या तोंडावर नको. डिटेक्शनने एकाच वेळी तीन गोष्टी केल्या पाहिजेत: लोडिंग पंप बंद, टाकीचा तळव्हॉल्व्ह बंद आणि पाण्याचा फवारा सुरू. यातली दुसरी विसरली जाते, आणि मग आगीला इंधन मिळत राहते.

फ्लेमप्रूफ दिवा विकत घेऊन त्याला साधा केबल ग्लँड लावणे ही या पट्ट्यातली सर्वांत सर्रास चूक आहे. प्रत्येक जंक्शन बॉक्सचा ग्लँड, गॅस ग्रुप आणि तापमान वर्ग तपासून यादीत टिक करा.

९. पंप घर

पंपाला पाणी आपोआप येईल अशी, म्हणजे फ्लडेड सक्शनची रचना करा. जॉकी पंप लाइनचा दाब धरून ठेवतो, दाब पडला की मुख्य विद्युत पंप, आणि तो न लागला तर डिझेल पंप सुरू झाला पाहिजे. बोअरचे पाणी जड असेल तर स्प्रे नोझलमध्ये क्षार बसतात, म्हणून डेल्यूज व्हॉल्व्हच्या आधी स्ट्रेनर द्या आणि तो दर तीन महिन्यांनी उघडून पाहा.

१०. चाचणी घेऊनच ताबा घ्या

ठेकेदार पंप घराजवळचा हायड्रंट उघडून दाखवतो, कारण तिथे दाब नेहमी चांगलाच असतो. तुम्ही सर्वांत लांबचा आणि सर्वांत उंचावरचा बिंदू निवडा, ठरलेला पूर्ण प्रवाह चालू ठेवा आणि तिथे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब मिळतो का ते तुमच्या स्वतःच्या गेजवर पाहा. पंपाची चाचणी १५० टक्के प्रवाहावरही घ्या, त्या वेळी दाब ठरलेल्या हेडच्या ६५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. डिझेल पंप विद्युत पुरवठा खरोखर तोडून सुरू करायला लावा, नुसते बटण दाबून नव्हे. प्रत्येक डेल्यूज ओला करून पाहा, म्हणजे कोणते नोझल तुंबले आहे आणि कोणते टाकीऐवजी हवेत फवारते हे डोळ्यांना दिसते. फोमचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने तपासा, कारण ३ टक्क्यांच्या जागी १ टक्का आला तरी फेस दिसायला पांढराच असतो.

ताबा घेतल्यावर जवळच्या अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना आणि शेजारच्या कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना एकदा आत बोलावून हायड्रंटची जागा, होजच्या कपलिंगचा प्रकार आणि पाण्याशी अभिक्रिया करणाऱ्या रसायनांचे कोपरे दाखवा. नकाशाची एक प्लॅस्टिक लावलेली प्रत, रसायनांच्या तक्त्यासह, गुजरातीत आणि हिंदीत मुख्य दरवाजावरच्या सुरक्षा केबिनमध्ये ठेवा, आणि कारखान्यात नवे सॉल्व्हंट, नवी टाकी किंवा नवा भांड्याचा प्रकार आला की पहिल्या पायरीपासून हिशेब पुन्हा मांडून ती प्रत त्याच दिवशी बदला.